संघर्ष सोडायचा नाही, वैर धरायचं नाही

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा, असा विहार समितीचा आग्रह झाला. आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. शाळा थोडी झाली, बाकीचं शिक्षण वाचनालयात, सभांमध्ये आणि युनियनच्या कचेरीत झालं. त्यामुळं विद्वानांसारखं लिहिणं आम्हाला जमणार नाही. पण जे वाचलं, जे पाहिलं आणि ज्याचा आज आपल्या वस्तीला उपयोग आहे, ते सांगितलं पाहिजे असं वाटलं.

विषय निवडला तो भांडणाचा. वाचकहो, नवल वाटून घेऊ नका. आज कोणत्याही गल्लीत जा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून सख्खे भाऊ बोलत नाहीत. एका ओट्यावर बसणारे शेजारी मोबाईलवर आलेल्या मजकुरावरून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. कोणता झेंडा, कोणता पक्ष, कोणती जात, कोणता धर्म एवढंच विचारलं जातं, माणूस विचारला जात नाही. आणि यातून दंगल पेटली की घर कोणाचं जळतं? हातगाडी कोणाची मोडते? रोजंदारी कोणाची बुडते? ज्यानं भाषण केलं त्याची नाही. आपल्यासारख्यांचीच.

काही लोक म्हणतात, मग संघर्षच नको, गप्प बसा. हेही आम्हाला मान्य नाही. गप्प बसलो असतो तर आजही गळ्यात मडकं असतं. म्हणून प्रश्न असा आहे, की न्यायासाठी लढायचं आणि तरीही वैराचा वणवा पेटू द्यायचा नाही, हे कसं साधायचं? याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ते दूरच्या देशातून आणायची गरज नाही.

रोहिणीच्या पाण्याचा वाद

बाबासाहेबांनी लिहिलेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या बहुतेक घरांत तो आहे. वर्षावासात त्याचं वाचन होतं. त्यात सिद्धार्थ गौतमानं घर का सोडलं, याचं कारण बाबासाहेबांनी म्हातारा, आजारी आणि प्रेत यांच्या पारंपरिक कथेत शोधलेलं नाही. त्यांनी ते शोधलं रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात.

शाक्य आणि कोलिय हे शेजारी. मध्ये रोहिणी नदी. दोघांची शेती तिच्या पाण्यावर. पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून दरवर्षी तंटा. एका वर्षी हाणामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. शाक्यांच्या सेनापतीनं संघाची सभा बोलावली आणि युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि संघाचा सभासद होता. तो उभा राहिला आणि त्यानं विरोध केला. आगळीक आपल्याही माणसांनी केली आहे, तेव्हा आधी चौकशी करा, असं तो म्हणाला. मग त्यानं नुसती शांततेची विनवणी केली नाही, एक रीत सुचवली. आपण आपल्यातले दोन निवडू, कोलियांनी त्यांच्यातले दोन निवडावेत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा सोडवावा.

ठराव पडला. बहुमत युद्धाच्या बाजूनं गेलं. सिद्धार्थानं लढायला नकार दिला, आपल्या घरच्यांना शिक्षा करू नका म्हणाला, आणि परिव्रज्या घेतली. पण ग्रंथातली पुढची गोष्ट आपण वाचतो आणि विसरतो. तो गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध मोठी चळवळ झाली. बायका, पुरुष, मुलं-मुली मिरवणुका काढून निघाली. संघाला पुन्हा विचार करावा लागला. दोन्हीकडून पाच-पाच माणसं निवडली गेली आणि त्या दहांनी रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यासाठी कायमचं लवाद मंडळ नेमायचं ठरवलं.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, सिद्धार्थ कोलियांना शिव्या द्यायला गेला नाही आणि कोलियांच्या बाजूलाही गेला नाही. तो आपल्याच सभेत आपल्याच लोकांसमोर उभा राहिला. दुसरी, त्यानं पाण्यावरचा हक्क सोडा असं सांगितलं नाही, हक्क ठरवायची जागा बदला असं सांगितलं. रणांगणावरून बैठकीत. तिसरी, तंटा मिटला तो कोणाच्या मोठेपणावर सोडला नाही. कायमचं मंडळ नेमलं, कारण नदी दरवर्षी आटणार आणि भांडण दरवर्षी येणार.

तथागतांच्या हयातीत खुद्द भिक्खू संघातही फूट पडली होती. कोसंबीची गोष्ट भन्तेजींच्या तोंडून आपण ऐकली आहे. एका भिक्खूनं शौचाच्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवलं, एवढ्याशा गोष्टीवरून दोन तट पडले. तथागतांनी समजावलं, कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटे पारिलेय्यकच्या वनात निघून गेले. मग ते भांडण मिटवलं कोणी? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. त्यांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणं बंद केलं आणि भिक्षा देणं बंद केलं. पोटाला चिमटा बसला तेव्हा दोन्ही तट श्रावस्तीला जाऊन तथागतांपुढे एक झाले. ज्यांच्या हातात भाकरी होती त्यांनी वाद मिटवला. हे लक्षात ठेवा, पुढं याचा संबंध येणार आहे.

महाडचं तळं ते लळिंगचा बंगला

आता बाबासाहेबांकडं येऊ. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं केलं होतं. ते कागदावरच राहिलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आवई साफ खोटी होती. पण तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन मंडपावर आणि रस्त्यातल्या एकट्या-दुकट्या माणसांवर तुटून पडला. बायका-पोरांनाही मार बसला.

त्या दिवशी महाडमध्ये आपली माणसं काही थोडी नव्हती. पलटणीत काम केलेले लोक होते. एक शब्द निघाला असता तर महाडचं रूप वेगळं झालं असतं. बाबासाहेबांनी तो शब्द काढला नाही. त्यांनी आपल्या माणसांना आवरलं. पण आवरलं म्हणजे सोडून दिलं का? मुळीच नाही. मारणाऱ्यांवर खटले झाले, शिक्षा झाल्या. डिसेंबरात दुसऱ्यांदा परिषद भरवली, २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन केलं. विरोधकांनी तळ्यासाठी कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा तळ्यावर जाणं तहकूब करून दावा लढवला. तो दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं! आपल्याला दहा दिवस दम निघत नाही.

आणखी एक गोष्ट. महाडला बाबासाहेबांच्या बरोबर सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला, आणि ते जन्मानं ब्राह्मण होते. बाबासाहेबांची लढाई ब्राह्मण्याशी होती, पण त्यांनी माणसाला त्याच्या जन्मावरून बाद केलं नाही. या लोकांनी आपापल्या जातीत काय काय सोसलं असेल याचा विचार करा. सिद्धार्थ जसा शाक्यांच्या सभेत उभा राहिला, तसेच हे आपल्या लोकांसमोर उभे राहिले.

महाडचा निकाल लागला त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ ला, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. आपण सगळे दरवर्षी ३१ जुलैला तिथं जातो, रांगेत उभे राहतो, लेकरांना ती जागा दाखवतो. तिथं गेल्यावर एक गोष्ट आठवावी, की या भूमीवर बाबासाहेब आले ते बॅरिस्टर म्हणून आले. हातात कायद्याची पुस्तकं घेऊन आले. पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी देशाला हेच बजावलं, की आता संविधानाचा मार्ग खुला झाला आहे, तेव्हा रक्तपाताचे आणि बेबंदशाहीचे मार्ग सोडा. बंधुभावाशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाही, हेही त्याच भाषणात सांगितलं.

खानदेशात आणखी एक माणूस होऊन गेला, साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, पुढं खानदेशच्या कामगार-शेतकऱ्यांत वावरले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं आणि मंदिर खुलं करायला लावलं. आपल्यासाठी देवळाचा प्रश्न १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर उरला नव्हता. तरी या उपोषणातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गुरुजींनी आपल्याला उपदेश केला नाही, त्यांनी सवर्णांना सांगितलं, म्हणजे स्वतःच्या लोकांना.

जळगाव १९७०, आणि भिवंडीनं शिकवलेलं

आता कडू पान उघडतो. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी ८ मे ला आपलं जळगाव पेटलं. जळगावात ४३ माणसं मेली, त्यातले ४२ मुसलमान होते. सरकारनं न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगापुढं तीन गावं होती : भिवंडी, जळगाव आणि महाड. होय, तेच महाड, जिथं आपण पाणी प्यायलो. आयोगाचा अहवाल जाडजूड आहे. दंगल आकाशातून पडत नाही, आधी महिनोन्महिने मनं तापवली जातात, मग ठिणगी पुरते, हे त्यातून दिसतं. भिवंडीच्या तपासातल्या पोलिसांच्या दुजाभावावरही आयोगानं कडक ताशेरे ओढले.

अहवाल आला, कपाटात गेला. १९८४ साली भिवंडी पुन्हा जळाली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी भिवंडीत उपायुक्त म्हणून आले. त्यांनी एक साधं काम केलं. दंगल पेटल्यावर प्रतिष्ठितांची शांतता समिती बोलवायची आणि चहा पिऊन उठायचं, ही जुनी पद्धत त्यांनी बाजूला ठेवली. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या काढल्या, सुमारे ७० समित्या. त्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त : माग चालवणारे, दुकानदार, मास्तर. प्रत्येक समितीला पोलीस जोडून दिले. काही घडो न घडो, बैठक होणार. नळाचं भांडण, गटारीचं भांडण, नवरा-बायकोचं भांडण, सगळं तिथं यायचं. माणसं एकमेकांची नावं शिकली. पोलीसही वस्तीला ओळखू लागला, वस्तीही पोलिसाला.

पुढं डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगानं मुंबईतले मृत ९०० मोजले. आणि भिवंडी, जी दर वेळी आधी पेटायची, ती शांत राहिली. मुंबईपासून कितीशी दूर आहे भिवंडी? तिथली माणसं रातोरात देवमाणसं झाली नव्हती. अफवा आली तेव्हा विचारायला माणूस होता, त्याचा पत्ता माहीत होता, आणि त्याच्यासोबत चार वर्षं बसायची सवय होती. हाच तो रोहिणीचा लवाद.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकानं देशातल्या सहा शहरांचा अभ्यास करून २००२ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की शहरात नुसतं सणाला शिरखुर्मा आणि फराळ देणं-घेणं पुरत नाही. जिथं दोन्ही समाजांची माणसं एकाच युनियनमध्ये, एकाच व्यापारी मंडळात, एकाच संस्थेत काम करतात, तिथं दंगल अडते. अहमदाबादच्या गिरण्या आणि कामगारांची संघटना ढासळली तसं तिथलं हे धरणही फुटलं, असं तो दाखवतो.

हे वाचून आम्हाला आपला खानदेश आठवला. जळगावची खानदेश मिल, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, या गावांना भोंग्यावर जाग यायची. गिरणी काही स्वर्ग नव्हती. तिथंही पूर्वी पाण्याचे माठ वेगळे असत, आणि ज्या खात्यात सूत तोंडानं ओढावं लागे तिथं आपल्या माणसाला घेत नसत, हे बाबासाहेबांनी त्या काळच्या संपवाल्यांना तोंडावर सांगितलं होतं. तरीही पगारवाढीसाठी गेटवर उभं राहताना पाटील, अन्सारी, कोळी आणि आपण एका रांगेत होतो. भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या साच्यावर उभं राहायचंच होतं. तार तुटली की थांबून गाठ मारायची, हे कामच होतं. एकामागून एक जुन्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार गेला हे सगळ्यांना दिसलं. एकत्र उभं राहायची जागा गेली, हे फार थोड्यांना दिसलं.

त्यानंतर धुळ्यानं काय पाहिलं? ऑक्टोबर २००८ ची दंगल पाहिली. ६ जानेवारी २०१३ ला एका हॉटेलातल्या बिलाच्या वादावरून दोन जमाव समोरासमोर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. एका बिलाची किंमत सहा जीव! १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेनं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे भटके. मारणारेही गरीब आणि मेलेलेही गरीब. वीरेश्वराच्या देवळाची अफवा १९२७ ची आणि राईनपाड्याची २०१८ ची. माध्यम बदललं, रोग तोच.

समेट कोणता आणि दडपण कोणतं

इथं आम्हाला एक गोष्ट रोखठोक सांगायची आहे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघेल. समेटाच्या नावाखाली आपल्या समाजानं फार सोसलं आहे. खेड्यात आपल्या पोराला मारहाण होते. फिर्याद द्यायला निघालो की गावची चार मोठी माणसं दारात येतात. “आप्पा, गावात राहायचं आहे ना? कशाला कोर्टकचेरी? मिटवून टाका.” हा समेट नव्हे. ज्याला मारलं त्यानंच गप्प बसायचं, ही जुनीच गुलामी आहे, फक्त गोड बोलून. जून २०१८ मध्ये आपल्या जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहल्याबद्दल दोन मातंग मुलांना नागवं करून मारलं. अशा ठिकाणी बैठक कसली? तिथं १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, पोलीस स्टेशन आहे, कोर्ट आहे.

मग फरक कसा ओळखायचा? आम्ही असा ओळखतो. गुन्हा झाला असेल तर तो कायद्याकडं जातो, त्यात तडजोड नाही. पण गुन्हा करणाऱ्याची अख्खी जात गुन्हेगार धरायची नाही, त्याच्या भावकीच्या दुकानावर दगड मारायचा नाही. खऱ्या समेटात दोन्ही बाजू सारख्या उंचीवर बसतात, दोघांनाही नाही म्हणायची मोकळीक असते आणि ठरलेलं कागदावर येतं. एक खाली आणि एक ओट्यावर असेल तर ते दडपण समजावं.

नामांतराचा लढा आपल्या सीमेला लागूनच झाला. अजिंठ्याचा घाट उतरला की आपला जळगाव जिल्हा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला. लगेच मराठवाड्यात आपली घरं जाळली गेली, पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. त्यांचा गुन्हा काय? ठराव करणारे मुंबईत होते, जळणारे खेड्यात होते. सोळा वर्षं लढा चालला, लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. बाबासाहेबांचं नाव आलं आणि मराठवाड्याचंही राहिलं. आपल्यातल्या अनेकांना तो उणा वाटला आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण आज त्या प्रवेशद्वारावर दरवर्षी १४ जानेवारीला जी गर्दी उसळते ती पाहा, आणि त्या विद्यापीठाची पदवी घेऊन मिरवणारी सगळ्या जातींची पोरं पाहा. पुढं २०१८ मध्ये आपल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं तेही असंच, जुनं नाव राखून. मागणी सोडली नाही आणि समोरच्याला उभं राहायला जागा ठेवली, की नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

आपल्या घरातलं भांडण

दुसऱ्यांना सांगताना आपल्या अंगणात पाहिलं पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि दोन-तीन वर्षांतच फूट पडली. नंतर किती गट झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. पण जोडल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९५९ साली आपल्या खानदेशात आणि मराठवाड्यात, मग १९६४-६५ मध्ये देशभर. जमीन नसलेला माणूस कोणत्या जातीचा हे त्यांनी विचारलं नाही. लाखोंनी तुरुंग भरले, सरकारला ऐकावं लागलं. १९९८ च्या लोकसभेला गट एकत्र आले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार खासदार एकाच वेळी महाराष्ट्रातून निवडून गेले. नंतर पुन्हा वाटा फुटल्या.

नेत्यांनी एक व्हावं म्हणून आपण ठराव करतो, पत्रकं काढतो. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात काय आहे? कोसंबीच्या उपासकांच्या हातात होतं तेच. वर्गणी आपली, मत आपलं, जयंतीच्या मिरवणुकीतली गर्दी आपली. ज्या वस्तीत एका गल्लीतून दोन जयंत्या निघतात तिथल्या आयाबहिणींनी ठरवलं, की एक मिरवणूक निघाली तरच वर्गणी आणि तरच पोरं नाचायला येतील, तर दोन्ही गटांचे कार्यकर्ते एका सतरंजीवर बसतील. कोणता पक्ष धरायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं. बुद्ध वंदनेला मात्र पक्ष नसावा.

विहारानं काय करावं

इतिहास वाचून कपाटात ठेवायचा नसतो. आमच्या मतीप्रमाणं विहार समितीपुढं काही गोष्टी मांडतो.

एक, पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. वर्षातून चार वेळा त्याच आठवड्यात शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांची बैठक विहारात घ्यावी. मशिदीचे लोक, गणेश मंडळाचे लोक, पलीकडच्या वाड्यातले लोक. विषय धर्माचा ठेवू नये. नळ, गटार, दिवे, शाळा, दवाखाना, रेशन हे विषय ठेवावेत. या प्रश्नांना जात नाही. बैठक शांततेच्या काळात सुरू करावी. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

दोन, भीमजयंती, शिवजयंती, गणपती, ईद, या सणांच्या आधी मिरवणुकीचा रस्ता, वेळ आणि गाणी एकत्र बसून ठरवावीत आणि लिहून सह्या घ्याव्यात. डीजेवर दुसऱ्याला डिवचणारं गाणं लागलं तर ते बंद करायला आपलीच पोरं पुढं झाली पाहिजेत.

तीन, मोबाईलवर भडक मजकूर आला तर तो पुढं पाठवण्याआधी विचारावं : कोणी डोळ्यानं पाहिलं? कधीचं आहे? कुठलं आहे? उत्तर नसेल तर तो तिथंच थांबवावा. बुद्धानं कालामांना हेच सांगितलं होतं, ऐकीव आहे म्हणून मानू नका. राईनपाड्यात एकानं जरी हा प्रश्न विचारला असता आणि चार जणांनी ऐकला असता, तर पाच जीव वाचले असते.

चार, अन्याय झाला तर फिर्याद, वकील, साक्षीदार आणि पाठपुरावा यासाठी विहारात एक कायम फाईल आणि दोन जबाबदार माणसं असावीत. मोर्च्याची गर्दी एका दिवसाची असते, खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो. महाडची दहा वर्षं आठवा.

पाच, आणि हे सगळ्यात अवघड. आपल्यातलाच कोणी चुकीचं बोलत असेल, दुसऱ्या समाजाच्या आयाबहिणींबद्दल वंगाळ बोलत असेल, तर त्याला आपणच अडवायचं. समोरच्याला शिव्या देणं सोपं असतं, टाळ्याही पडतात. आपल्या सभेत आपल्याच माणसाला थांब म्हणायला छाती लागते. सिद्धार्थानं ते केलं तेव्हा त्याचा ठराव पडला, त्याला घर सोडावं लागलं. पण त्याच्या मागं जी मिरवणूक निघाली त्यात बायका होत्या, पोरं होती, तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं होती, आणि युद्ध थांबवलं ते त्यांनी.

पंचशील आपण रोज म्हणतो. पहिलं शील प्राणिहिंसेपासून आणि चौथं खोट्या बोलण्यापासून दूर राहायला सांगतं. दंगलीला लागणाऱ्या दोन वस्तू नेमक्या याच आहेत, खोटं बोलणं आणि हात उगारणं. घरातला एकेक माणूस ही दोन शीलं खऱ्या अर्थानं पाळू लागला, तर वस्तीतली निम्मी आग जागच्या जागी विझेल. राहिलेल्या निम्म्यासाठी संविधान आहे, संघटना आहे आणि दम आहे. लढू, हक्क घेऊ, पण शेजारच्याचं घर शाबूत ठेवून घेऊ.

वर्धापन दिनाच्या सर्व उपासक-उपासिकांना मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!